दैर-झारूरची घंटा

सुहेलची ती चित्रफीत नासरेथभर फिरायला लागली, त्या दिवसापासून विदादची शिवण वाकडी जायला लागली.

चित्रफीत होती एवढीशी. सुहेल तिचा एकुलता एक मुलगा, हैफाच्या कॉलेजात प्राचीन इतिहास शिकवतो. गावातल्या वाचनालयाने त्याला भाषणाला बोलावलं आणि विषय दिला, 'येशू इतिहासात होता का?' नासरेथमध्ये हा विषय द्यायचा म्हणजे कोळ्याच्या घरी जाऊन समुद्र आहे का विचारण्यासारखं. पण वाचनालयवाल्यांना गर्दी हवी होती आणि ती त्यांना मिळाली. सुहेलने आधी 'नव्हता' म्हणणाऱ्यांची बाजू मांडली, तीही अशी की जणू तो त्यांच्याच घरचा. मग पुढचा सगळा वेळ त्याने ती बाजू एकेक करून खोडून काढली. कुणा भल्या माणसाने पहिला तुकडा कापून ठेवला, दुसरा टाकून दिला आणि पहिला गावाच्या फोनांवर सोडून दिला.

त्या तुकड्यात सुहेल टेबलावर हात टेकून म्हणतो, "येशूच्या हयातीत त्याच्याविषयी कोणी लिहिलेली एक ओळ आपल्याकडे नाही. आणि नासरेथ? त्या काळच्या इतिहासकाराने गालीलातल्या कितीतरी गावांची नावं लिहून ठेवलीत, त्यात नासरेथ नाही. ज्या गावाचं नाव कुठल्या यादीतच नाही, ते गाव होतं असं कशावरून म्हणायचं?" बस, इथे चित्रफीत संपते आणि विदादच्या डोक्याचा ताप सुरू होतो.

विदाद घराच्या पुढच्या खोलीत शिवणकाम करते. मोहल्ल्यात तिला कोणी नावाने हाक मारत नाही. सुहेलची आई म्हणून उम्म सुहेल, हेच तिचं नाव. त्या आठवड्यात तिच्याकडे जितक्या बायका आल्या तितक्या ईस्टरच्या आधीही येत नाहीत. एकीचं बटण तुटलं होतं, दुसरीचा परकर उगीचच लांब झाला होता.

"उम्म सुहेल," बटणवाली म्हणाली, "तुमचा मुलगा म्हणतो आपलं गाव नव्हतंच. मग आम्ही घरपट्टी कशाची भरतो?"

"अगं, ते त्याचं म्हणणं नव्हतं. लोक असं म्हणतात, असं तो सांगत होता."

"लोक म्हणतात ते सांगायला प्रोफेसर कशाला लागतो? त्यासाठी आम्ही आहोत की."

परकरवालीचं दुखणं निराळं होतं. मरियमचा झरा तिच्या घरामागेच. "माझी पणजी त्याच झऱ्यावर घागर भरायची," ती म्हणाली, "आणि तिची पणजी, आणि तिची. असं करत मागे गेलं की मरियमच्या शेजारीच कोणीतरी उभी असणार ना आमच्या घरची? पाण्याच्या नंबरावरून भांडलीही असेल. ती काय हवेशी भांडत होती?"

विदादला हसूही आलं आणि रडूही. बायकांच्या टोमण्यांचं तिला काही नव्हतं; बोलणाऱ्याचं तोंड धरता येत नाही. तिचा जीव टांगणीला लागला होता तो रविवारसाठी.

रविवारी त्यांची जाहा जायची होती. मुलीला मागणी घालायला घराण्यातले आणि गावातले चार वजनदार पुरुष मुलीच्या घरी जातात, ती जाहा. मुलीकडचे कॉफी आणून समोर ठेवतात. पाहुण्यांचा म्होरक्या पेल्याला बोट लावत नाही. तो आधी मागणी बोलून दाखवतो, आणि मुलीकडच्या वडीलधाऱ्याने "कॉफी घ्या" म्हटलं की मगच सगळे पेला उचलतात. तो ते म्हणाला नाही तर कॉफी तशीच ठेवून, दारात बूट घालून, परत. न प्यायलेल्या कॉफीची बातमी माणसं घरी पोचायच्या आत गावभर होते, आणि मग त्या दोन घरांत नातवंडांपर्यंत बोलाचाली राहत नाही.

मुलगी रूला. शाळेत चित्रकला शिकवणारी, हसरी, सुहेलला त्याच्या पुस्तकांतून मान वर करायला लावणारी एकटीच. विदादला ती इतकी आवडली होती की तिच्यासाठी सोनसळी रेशमाचं कापड घेऊन कपाटात दडवून ठेवलं होतं. पण रूलाच्या घरी शब्द चालायचा तो तिच्या आजोबांचा. अबू जिरीस, वय ऐंशीच्या पलीकडे, काठी हातात पण टेकायला नव्हे, दाखवायला. रूलाचे वडील जिरीस स्वतः पन्नाशी ओलांडलेले, दोन दुकानांचे मालक; पण बापासमोर पाणी मागतानाही विचार करायचे.

अबू जिरीस मूळचे दैर-झारूरचे. गाव टेकडीपलीकडे होतं. ते लहान असताना युद्ध झालं, गाव रिकामं झालं, मग घरं पाडली गेली. आता तिथे निवडुंगाची कुंपणं आणि चर्चची एक भिंत तेवढी उभी आहे. नकाशातून नावही गेलं. म्हातारा दर वसंतात तिथे जाऊन अक्कूबची काटेरी भाजी खुडून आणतो आणि बाजारातली अक्कूब घरात शिरू देत नाही. अशा माणसाच्या दारात 'येशू नव्हता' म्हणणारा जावई म्हणून न्यायचा होता.

रविवारी सकाळी चर्चमध्ये विदादने मेणबत्ती लावली आणि मागणं मागितलं, पण मागणं मागतानाही तिला धास्ती वाटली की वरच्याने चित्रफीत पाहिली असेल तर. घरी आली तर फोन वाजत होता. अबूना सिमोन, त्यांचे पाद्री, जाहेबरोबर यायचे ठरले होते. त्यांना अचानक सर्दी झाली होती. तासाभरापूर्वी वेदीसमोर उभे राहून खणखणीत गाणारा माणूस! विदादने फोन ठेवला.

सुहेल आरशासमोर शर्टाची बटणं लावत होता.

"सुहेल, खरं सांग. तो होता ना?"

"होता, आई. किती वेळा सांगू? या गावचा एक माणूस होता. योहानाकडून त्याने बाप्तिस्मा घेतला, रोमन लोकांनी त्याला क्रुसावर मारलं. एवढं मी कुठल्याही वर्गात, कोणाहीसमोर ठासून सांगेन."

"आणि पुढचं? तिसऱ्या दिवशी कबरीतून उठल्याचं?"

सुहेल वरचं बटण लावत राहिला. ते बटण कधीच एवढं अवघड नव्हतं. "आई, तिथे माझी हत्यारं पोचत नाहीत," तो शेवटी म्हणाला.

"हत्यारांचं विचारत नाहीये मी. तुझं विचारतेय."

"उशीर होतोय," सुहेल म्हणाला, आणि खरंच होत होता.

विदादने तो प्रश्न गिळला. आज कॉफी महत्त्वाची. तिने त्याची कॉलर सरळ केली आणि बजावलं, "तिथे कोणी विचारलं तर 'होता' एवढंच म्हण. 'परंतु' म्हणू नकोस. तुझं सगळं शिक्षण त्या 'परंतु'त आहे, मला माहीत आहे, पण आजचा दिवस ते घरी ठेव."

गाडीत पुढे विदादचे थोरले दीर मुनीर आणि सुहेल बसले, मागे विदाद आणि तिची जाऊ ऑदेत, मांडीवर मआमूलचा, खजूर भरलेल्या बिस्किटांचा, मोठा डबा. नवरा गेल्यापासून विदादला अशा वेळी दिराचाच आधार. मुनीरभाऊजी भला माणूस, पण घाम फार येतो त्यांना. ऑदेतला घाम येत नाही. तिला शब्द येतात. उचलली जीभ लावली टाळ्याला, असा तिचा स्वभाव. गाडी चढाला लागली आणि तिला आठवण झाली.

"अगं विदाद, दैर-झारूरवाल्यांचं ते काय होतं गं? आपली सासू म्हणायची बघ. 'दैर-झारूरची अक्कल मोठी...'"

विदादने तिच्या तोंडावर हातच ठेवला. "ऑदेत, तुला येशूची शप्पथ! ते तिथे तोंडातून काढलंस तर तुझं माझं नातं संपलं."

"गंमत गं."

"गंमत?" मुनीरभाऊजी समोरून म्हणाले. "ऐन लग्नाच्या मांडवात एकाने ती गंमत केली होती. अबू जिरीसने त्याचे पुढचे दात पाडले. बिचाऱ्याने पुढे जन्मभर भाकरी भिजवून खाल्ली."

त्यानंतर ऑदेतही गप्प बसली, आणि ती गप्प बसली याचीच विदादला जास्त भीती वाटली.

रूलाच्या घराच्या दारात हाजी रिदवान भेटले, काळ्या कोटात. ते जाहेचे म्होरके. मुसलमान असोत की ख्रिस्ती, अर्ध्या गावाची लग्नं आणि सगळ्या गावाची भांडणं त्यांनीच मिटवलेली. जिभेवर मध, इतका की त्यांच्या औषधाच्या दुकानातून माणूस औषध न घेताही बरा होऊन निघायचा. त्यांनी सुहेलच्या खांद्यावर हात ठेवला आणि विदादला म्हणाले, "बहिणी, काळजी करू नकोस. मी आहे." पण त्यांचा दुसरा हात सारखा कोटाचं बटण चाचपत होता, आणि विदाद शिवणारी बाई, तिला बटणांमधलं कळतं.

पुरुष दिवाणखान्यात गेले. बायकांना आतली खोली. मधे दार होतं, दाराला पडदा होता, आणि पडद्यामागे दार नीट लावलेलं नव्हतं. रूलाच्या आईने, नजलाने, विदादला मिठी मारली, पण ती मिठी लवकर सुटली. स्वयंपाकघरात रूला कॉफीवर उभी होती. विदाद जवळ गेली तशी ती हळूच म्हणाली, "मावशी, आज वेलची जास्तच टाकलीय."

"का गं?"

"थंड झाली तरी पिता यावी म्हणून."

विदादने तिच्या डोक्यावरून हात फिरवला.

ट्रे बाहेर गेला. पेले ठेवल्याचे आवाज आले. मग हाजी रिदवानांचा मधाळ आवाज. त्यांनी देवाचं नाव घेतलं, दोन्ही घराण्यांची थोरवी सांगितली, विदादच्या गेलेल्या नवऱ्याची आठवण काढली, आणि म्हणाले, "अबू जिरीस, तुमच्या बागेतली एक फांदी आमच्या अंगणात लावायला मागायला आलोय. तुमचा शब्द ऐकल्याशिवाय आम्ही कॉफीला हात लावणार नाही."

आता रीतीप्रमाणे अबू जिरीसने म्हणायचं, 'कॉफी घ्या.' विदादने पडद्याची कड घट्ट धरून ठेवली. शेवटी काठी फरशीवर आपटल्याचा आवाज आला.

"मुलगा कुठंय?" अबू जिरीस म्हणाला. "पुढं ये. मला नीट दिसत नाही."

खुर्ची सरकली. विदादने फटीतून पाहिलं. सुहेल म्हाताऱ्यासमोर उभा होता, शाळेत धडा विसरलेल्या मुलासारखा.

"तुझं भाषण मला नातवाने दाखवलं. दोनदा बघितलं मी."

हाजी रिदवान मध्येच पुढे सरसावले. "अबू जिरीस, त्याचं काय मनावर घेता? पोर शिकलेलं आहे, शिकलेली माणसं आधी वाकडं बोलतात मग सरळ. आणि येशूचंच म्हणाल तर आमच्या ग्रंथातही मरियमच्या मुलाचं नाव आहे, त्याच्या आईचं आहे, ज्या खजुराच्या झाडाखाली तो जन्मला त्या झाडासकट आहे. मी मुसलमान माणूस साक्ष देतो की तो होता. आणखी कोणाची साक्ष हवी तुम्हाला?"

"हाजी, तुम्ही ताकाला जाता आणि भांडं लपवता," म्हातारा म्हणाला. "येशूचं मी बघून घेईन. तो आणि मी. त्याला या पोराच्या साक्षीची गरज नाही, तुमच्याही नाही. मी गावाचं विचारतोय."

"कुठल्या गावाचं?" मुनीरभाऊजींनी घाम पुसत विचारलं.

"'ज्या गावाचं नाव कुठल्या यादीत नाही, ते गाव होतं असं कशावरून म्हणायचं?' म्हणालास की नाही रे?"

"म्हणालो," सुहेल म्हणाला. "पण ते माझं मत नव्हतं, आजोबा. तसं म्हणणाऱ्यांचं होतं."

"तोंड तुझं होतं."

आत नजलाने डोळे मिटले. ऑदेतने विदादचा दंड धरला. या वळणाचा त्यांच्यापैकी कोणीच विचार केला नव्हता. आठवडाभर सगळ्यांनी येशूची उत्तरं घोकली होती, हाजींनी तर खजुराच्या झाडापर्यंत.

अबू जिरीसचा आवाज चढला नाही, हेच वाईट होतं. "मी तरुण होतो तेव्हा एका कचेरीत गेलो होतो, कागद करायला. समोरच्याने विचारलं, जन्म कुठला? म्हटलं, दैर-झारूर. त्याने टेबलावर नकाशा पसरला. म्हणाला, दाखव. मी बोट ठेवलं. तिथे हिरवा रंग होता. तो म्हणाला, इथे गाव नाही. मी म्हटलं, आमची विहीर आहे, चर्च आहे, माझ्या आजीची कबर आहे. तो म्हणाला, यादीत नाही. आणि जन्मगावाच्या जागी त्याने रेघ मारली. अजून आहे ती रेघ." म्हातारा थांबला. "तो परका होता, मी समजू शकतो. तू इथला. तू तेच बोललास, आणि फार चांगलं बोललास. मला एक क्षण वाटलं, खरंच नव्हतं की काय."

सुहेलचे कान लाल झाले होते. फटीतूनही विदादला दिसत होतं. बोल रे, ती मनात म्हणत होती, माफी माग, पाया पड, काहीही कर.

"याचं उत्तर मी त्याच भाषणात दिलं होतं," सुहेल म्हणाला. "ते कोणी कापून पाठवलं नाही."

"मग आत्ता दे. कॉफी निवतेय."

"यादी मोठ्या गावांची असते, आजोबा. लहान गावाला यादीत कोण घेतं? म्हणून मी यादी बघत नाही. मी बघतो की लोकांनी अशी कुठली गोष्ट सांगितलीय जी मुद्दाम रचून सांगायचं कोणाला सुचणारच नाही. माणूस रचतो तेव्हा स्वतःला मोठं करून रचतो. येशूला कोणी रचला असता तर राजधानीचा रचला असता, राजाच्या वाड्यातला. पण शुभवर्तमानात काय आहे? येशू नासरेथचा म्हटल्याबरोबर पहिला माणूस नाक मुरडून विचारतो, त्या गावातून कधी काही भलं निघालंय का? हा टोमणा आहे. शेजारच्या गावच्या माणसाने मारलेला टोमणा. जे गावच नाही त्याला टोमणा कोण मारील? आणि जो माणूसच नाही त्याच्यासाठी तो टोमणा जपून कोण ठेवील? मला विचाराल तर त्या टोमण्यामुळे मी म्हणतो की नासरेथ होतं, आणि तिथला तो माणूसही होता."

दिवाणखान्यात कोणीतरी घसा साफ केला. म्हाताऱ्याने काठी दोन्ही हातांत धरून तिच्यावर हनुवटी टेकली.

"टोमणा," तो म्हणाला. "बरं. नासरेथला टोमणा आहे. मग दैर-झारूरला?"

त्याने एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं.

"आहे का कोणाला माहीत? हाजी, तुम्ही? मुनीर?"

हाजी रिदवानांनी छताकडे पाहिलं, मुनीरभाऊजींनी बुटांकडे. दोघांनाही पाठ होता, विदादला खात्री होती. त्या पिढीत असा कोण होता ज्याला तो पाठ नव्हता? पण भिजवलेल्या भाकरीची गोष्टही दोघांना पाठ होती. आणि सुहेलला तो माहीत असण्याचं कारणच नव्हतं. विदादने घरात तो कधी म्हणू दिला नव्हता. गेलेल्या गावाची थट्टा करू नये, असं तिला वाटायचं.

"बघ," म्हातारा सुहेलला म्हणाला. "कोणाला नाही. म्हणजे तुझ्या हिशोबानेही माझं गाव नव्हतं." तो काठी घेऊन उठायला लागला. वडीलधारा उठला की बैठक संपली. ट्रेमधले पेले काठोकाठ तसेच होते.

जाहा बसलेली असताना बाईचा आवाज बाहेर जात नाही, तिच्या आईचा गेला नव्हता, सासूचा गेला नव्हता. आणि बोलायचं तरी काय, तर ज्याच्यासाठी या माणसाने एकाचे दात पाडले तेच? तिला सोनसळी रेशीम दिसलं, वेलची टाकणारे रूलाचे हात दिसले. मग तिच्या कानांनी तिचाच आवाज ऐकला, पडद्याच्या आतून, मोठा आणि थरथरता:

"दैर-झारूरची अक्कल मोठी,
घंटा विकली गाढवापोटी..."

आणि ती तिथेच अडली. पुढचं सुचेना. नजलाने कपाळाला हात लावला. तेवढ्यात शेजारून ऑदेतने, जन्मात पहिल्यांदा योग्य वेळी, तोंड उघडलं:

"गाढव ओरडलं, झाला रविवार,
उठा रे, उघडा चर्चचं दार!"

दिवाणखान्यात जिरीस अर्धवट उभा राहिला होता, बापाला धरायला की पाहुण्यांना वाचवायला कोण जाणे. काठी फरशीवर एकदा वाजली.

"कोण बोललं ते?"

विदादने पडदा बाजूला केला. आता लपून काय उपयोग? "मी, अबू जिरीस. सुहेलची आई. चुकलं असेल तर मला बोला, मुलाला नको."

"कोणाकडून ऐकलंस?"

"आजीकडून. लहान होते मी, ती कणीक मळताना म्हणायची."

"आजी कुठली?"

"कफर-लोझची. तुमच्या खालच्या अंगाचं गाव."

"कफर-लोझ!" म्हाताऱ्याने काठी अशी उगारली की हाजी रिदवान खुर्चीत मागे सरकले. "चोर लेकाचे! कोणी विकली घंटा? आम्ही? आम्ही विकली नव्हती, कफर-लोझवाल्यांनी चोरून नेली होती! गाढव तेवढं खरं. माझ्या चुलत्याचं होतं ते. करडं, एका कानाने फाटकं. आणि ते रोज ओरडायचं, रविवारीच ओरडायचं हे सपशेल खोटं!" तो धापा टाकत होता. "घंटेचा दोर संत्र्यांच्या पेटीएवढा जाड..." दोर पेटीएवढा नसतो हे त्याच्याही लक्षात आलं आणि तो मध्येच थांबला. मग त्याचा चेहरा असा काही झाला की विदादला कळेना तो हसतोय का त्याला काही होतंय. तो हसत होता. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि तो ते पुसतही नव्हता.

"ज्याचे दात मी पाडले ना," तो जरा वेळाने म्हणाला, "तो होता कफर-लोझचाच. गेला तो. मग त्याचा भाऊ गेला. मग इतकी वर्षं मला हे कोणी म्हटलं नाही. माझ्या तोंडावर नाही, पाठीमागेही नाही. मला वाटलं, माझ्या धाकाने म्हणत नाहीत. म्हणायला कोणी उरलंच नव्हतं." त्याने विदादकडे पाहिलं. "पुन्हा म्हण. सगळं म्हण."

विदादने पुन्हा म्हटलं, या वेळी न अडखळता. म्हाताऱ्याचे ओठ तिच्याबरोबर हलत होते. 'घंटा विकली' आलं तेव्हा त्याने मान जोरात हलवून नकार दिला, आणि 'गाढव' आलं तेव्हा कबूल केलं.

मग तो सावकाश खाली बसला. सुहेल अजून उभाच होता. म्हाताऱ्याने त्याचं मनगट धरलं. "तुझं शास्त्र मला थोडंसं कळलं," तो म्हणाला. "पण एक लक्षात ठेव. दुसऱ्याचं म्हणणं सांगताना आधी सांगत जा की दुसऱ्याचं आहे. मधे सांगू नकोस, शेवटी सांगू नकोस. लोक शेवटापर्यंत ऐकत नाहीत."

"हो, आजोबा," सुहेल म्हणाला, आणि 'परंतु' म्हणाला नाही.

"हाजी," अबू जिरीस म्हणाला, "कॉफी घ्या."

जिरीसने घाबरत घाबरत तोंड उघडलं. "बाबा, थंड झालीय. नवी करू का?"

"हीच. घ्या सगळे."

पेले उचलल्याचे आवाज आले, एकामागून एक. विदाद पडद्याला टेकून उभी होती. स्वयंपाकघराच्या दारात रूला तोंडावर दोन्ही हात धरून उभी होती. ऑदेतने मोठ्याने आनंदाची किलकारी दिली आणि नजलानेही दिली, आणि मघाशी लवकर सुटलेली मिठी आता कोणी सोडेना.

मआमूल संपले, तारखेचं बोलणं झालं. निघताना विदाद अंगणात आली तर अबू जिरीस तिथे एकटाच उभा होता, टेकडीकडे तोंड करून. सकाळी गिळलेला प्रश्न तिला आठवला, तिसऱ्या दिवसाचा. सुहेल मागे बूट घालत होता. तिने ठरवलं, आज नको. मुलगा आहे, कुठे जातो.

"उम्म सुहेल," म्हाताऱ्याने हाक मारली. "लग्नात या बाजूने आमच्या बायका गाणी म्हणतील, त्या बाजूने तुमच्या म्हणतील."

"हो, रीतच आहे ती."

"त्यात तेही म्हणा. मोठ्याने, सगळ्या मांडवासमोर." त्याने काठी दुसऱ्या हातात घेतली. "मी भडकेन. काठी घेऊन अंगावर येईन. थांबू नका. म्हणत राहा."